लायब्ररी कमिशनचा अर्ज: ग्रीन कार्डवर चालतो का? (शुक्रवारच्या आत उत्तर हवे)

प्रेषक: माई

सप्रेम नमस्कार,
शुक्रवारी पाच वाजता मुदत संपते आहे आणि शहराच्या लायब्ररी कमिशनवरील नेमणुकीसाठीचा आमच्या सूनबाईंचा अर्ज एका चौकोनापाशी अडला आहे. आपण या शहरातील नोंदणीकृत मतदार आहात का, असा तो प्रश्न आहे. तिच्याकडे ग्रीन कार्ड आहे, मताधिकार नाही. नानांनी हाच अर्ज पूर्वी भरला होता, म्हणून त्यांनीच सांगावे. लायब्ररीतले मराठी पुस्तकांचे कपाट कसे हलवले गेले हे सर्वांना ठाऊक आहेच.

प्रेषक: नाना

माई, मी अर्ज केला तेव्हा नागरिक झालो होतो, त्यामुळे तो चौकोन मला कधी टोचला नाही. तरीही नागरिकत्व मिळेपर्यंत थांबावे, असे माझे मत आहे. चार वर्षे त्या खुर्चीवर बसून सांगतो, की कमिशनला कपाट हलवण्याचा अधिकार नसतो. आम्ही शिफारस करायचो, निर्णय सिटी कौन्सिलचा असे. या ईमेल यादीवर कमिशनचे सध्याचे दोन सदस्यही आहेत आणि ते गप्प आहेत ते उगाच नाही. पाच जणांच्या कमिशनमध्ये तिसरी व्यक्ती इथलीच आली आणि तिघांनी इथे कपाटावर चर्चा केली, तर कॅलिफोर्नियाच्या १९५३ च्या ब्राउन कायद्याचा भंग होईल, कारण बहुमताची चर्चा जाहीर सभेतच व्हावी लागते.

प्रेषक: अण्णा

नानांचा थांबण्याचा सल्ला २०१९ पर्यंत ठीक होता. त्या वर्षी कॅलिफोर्नियात सिनेट बिल २२५ मंजूर झाले आणि १ जानेवारी २०२० पासून १८ वर्षे पूर्ण झालेला राज्याचा कोणताही रहिवासी, त्याचे नागरिकत्व कुठलेही असो, नेमणुकीच्या पदासाठी पात्र ठरला. मेख एवढीच, की स्वतःची सनद (चार्टर, म्हणजे शहराच्या कारभाराची मूळ नियमावली) असलेल्या काही शहरांनी मतदार असण्याची अट सनदेतच घातलेली असते. आपल्याकडे ती आहे का, हे सिटी क्लार्कच सांगू शकतील. माईंना मात्र हात जोडून विनंती, की तिथे ‘होय’ लिहू नये आणि अर्ज अडतो म्हणून मतदार नोंदणी तर मुळीच करू नये. नागरिक नसताना केलेली ती नोंदणी पुढे नागरिकत्वाच्या वेळी अंगाशी येते.

प्रेषक: धाकटे जोशी

अण्णा, मग एच-१बीवाल्यांचे काय? काही शहरे प्लॅनिंग कमिशनच्या सदस्यांना बैठकीमागे मानधन देतात आणि आमच्या व्हिसावर कंपनीखेरीज कोणाकडून कामाचे पैसे घेता येत नाहीत. मानधन नाकारले तर चालते का, हे वकिलाला विचारूनच मी अर्ज करीन.

प्रेषक: सचिव

सूनबाईंसाठी मंडळाच्या लेटरहेडवर पत्र मागणारे दोन फोन आले. आपला दर्जा ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेचा असल्याने राजकारणात पडता येत नाही. शिवाय असे पत्र कार्यकारिणीच्या ठरावाशिवाय जाणार नाही.

प्रेषक: अण्णा

सचिवांना नम्रपणे, ती मनाई निवडणुकीच्या उमेदवारांबाबत आहे, नेमणुकीबाबत नाही. फार तर हे लॉबिंगमध्ये मोडेल आणि तेही मर्यादेत चालते. ठरावाचा आग्रह मान्य आहे, पण कार्यकारिणी भरेपर्यंत शुक्रवार उलटून जाईल. तुम्ही वैयक्तिक नावाने पत्र द्या.

प्रेषक: नाना

पत्रांनी काही होत नाही. मला मुलाखतीत तीन मिनिटे मिळाली आणि त्यातले एक माझ्या नावाचा उच्चार दुरुस्त करण्यात गेले.

प्रेषक: माई

क्लार्कबाईंशी आज बोलले. मतदार असण्याची अट आपल्याकडे फक्त प्लॅनिंग कमिशनला आहे. अर्ज सर्वांसाठी एकच छापल्यामुळे तो चौकोन सगळीकडे येतो. ‘नाही’ लिहून अर्ज पाठवला. सध्याच्या सदस्याने फेरअर्ज केला नाही तर मुदत आठवडाभर वाढणार आहे, म्हणून सचिवांनी ठराव मांडायला हरकत नाही. आणि नाना, तिच्या नावाचा उच्चार कसा करायचा, हे मी अर्जातच लिहून दिले आहे.