स्नेहसंमेलनाच्या फोटोंसाठी आधीच पैसे घेऊन कुपनं विकावीत का? (ठाणे)

घंटाळीचा कॅमेरा

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात नृत्यवर्गांचे वार्षिक कार्यक्रम आणि बालवाड्यांची गॅदरिंग शूट करतो. डिसेंबरात घाणेकर नाट्यगृहात एका भरतनाट्यम वर्गाचा कार्यक्रम आहे. बाईंकडून मानधन नाही, पालकांना प्रिंट विकून जे मिळेल ते माझं. लहान वर्गांना फोटोग्राफर परवडत नाही, म्हणून हा व्यवहार मला मान्य आहे.

अडचण विक्रीची आहे. कार्यक्रम संपला की पालकांना मुलांचा मेकअप उतरवायचा असतो, भाड्याचे दागिने मोजून परत करायचे असतात, रिक्षा पकडायची असते. त्या गर्दीत वहीत ऑर्डर लिहून घेणं जमत नाही. नंतर ऑनलाइन गॅलरीची लिंक पाठवली की लोक बघतात, 'खूप सुंदर' म्हणतात, स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर डीपी लावतात आणि विषय संपतो. पाचसहा वर्षांची मुलगी पहिल्यांदा अरमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायची भरतनाट्यमची बैठक) नीट बसलेली असते आणि तो फोटो फोनमध्ये हजार फोटोंखाली गाडला जातो. तो कागदावर यावा असं मला मनापासून वाटतं.

म्हणून विचार असा: कार्यक्रमाआधीच वर्गातून ४०० रुपयांचं कुपन विकायचं. त्यावर कोड असेल. नंतर गॅलरीत जाऊन फोटो निवडायचे, कोड टाकायचा, पैसे भरायची भानगड नाही. कोणी असं केलंय का? आणि आधी पैसे घेतल्याने रिझर्व्ह बँकेचं किंवा जीएसटीचं काही लफडं होतं का?

सीवूड्सकरीण

दादा, जरूर करा. मी नवी मुंबईत शाळांचे क्रीडादिन आणि वाशीला भावे नाट्यगृहातले कार्यक्रम याच पद्धतीने करते.

पहिली गोष्ट, कुपन रुपयांचं विकू नका, प्रिंटचं विका. '४०० रुपये' लिहिलंत की पालक गॅलरीत बसून हिशोब करतात: हा साइज केवढ्याला, तो केवढ्याला, वर किती उरले. 'सहा बाय नऊचे चार प्रिंट' लिहिलंत की ते फक्त फोटो बघतात. मोठा हवा असेल तर वरचे पैसे यूपीआयने भरू द्या. चार प्रिंट एकदम घ्यायची सक्ती नको. आज दोन, पुढच्या आठवड्यात दोन, असं चालायला हवं. वेबसाइट निवडताना हे आधी तपासा, कारण बऱ्याच ठिकाणी कोड एकदा वापरला की उरलेलं बुडतं.

कोड क्रमाने देऊ नका. १०१, १०२ असं छापलं तर शेजारचा आकडा टाकून बघायला कुणालाही सुचेल. आठ अक्षरी, कसाही क्रम असलेला कोड घ्या आणि त्यातून शून्य आणि ओ, एक आणि आय ही अक्षरं काढून टाका. नाहीतर 'कोड चालत नाही' म्हणून रात्री अकराला फोन येतात.

कुपन कागदावरच छापा, व्हिजिटिंग कार्डाएवढं. नाव लिहू नका, ज्याच्या हातात त्याचं. माझ्याकडे कित्येकदा आईबाप कुपन घेतात आणि फोटो निवडते साताऱ्याची आजी. दोन कुपनं घेऊन एक मामाला देणारेही असतात. फोनवर आलेला कोड इतका फिरत नाही.

गॅलरी मुलांच्या नावाने लावू नका, नृत्याच्या क्रमाने लावा. त्यासाठी युक्ती सांगते. प्रत्येक नृत्याआधी कार्यक्रमपत्रिकेवर त्या ओळीखाली अंगठा धरून एक फोटो काढायचा. घरी आल्यावर मेमरी कार्डावरच्या फोटोंत अंगठा दिसला की तिथून नवीन फोल्डर. 'पुष्पांजली, लहान गट' उघडलं की पालकाला चाळीस फोटोंत आपलं पोर सापडतं. पाचशे फोटोंत शोधायला लावलंत तर कुपन कपाटातच राहील.

आणि न वापरलेल्या कुपनाला कमाई समजू नका. ते पैसे घेतलेत, प्रिंट देणं आहे. मी शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधी वर्गाच्या ग्रुपवर आठवण करते. तरीही राहिलेल्यांना त्यांच्या गटाचा समूहफोटो छापून वर्गात ठेवते. पुढच्या वर्षी तेच पालक आधी कुपन मागतात.

लॅबवाला

ताईंनी सहा बाय नऊ सांगितलंय ते अगदी योग्य. कॅमेऱ्याची चौकट तीनास दोन असते, त्यामुळे ४×६, ६×९, ८×१२, १२×१८ हे साइज न कापता येतात. ५×७ किंवा ८×१० ठेवलात तर काहीतरी कापलं जाणार, आणि भरतनाट्यममध्ये नेमकी पसरलेल्या हाताची बोटं जातात. मुद्रा कापलेला फोटो बाई बघूनच परत करतील.

८×१२ ला ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) २४०० × ३६०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात थोडं क्रॉप करूनही भागतं. गॅलरीत मात्र हजारेक पिक्सेलचीच प्रत ठेवा, वर वॉटरमार्क. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत द्या आणि 'करेक्शन नको' असं लॅबला स्पष्ट सांगा. स्टेजवरचा जांभळा एलईडी मशीन आपल्या मनाने दुरुस्त करायला जातं आणि चेहरे हिरवट येतात. आधी चारपाच टेस्ट प्रिंट काढून बघा.

आकडेमोड

पैशांच्या बाजूचं सांगतो. फक्त तुमच्याकडेच वापरता येतं आणि ज्यातून रोख काढता येत नाही अशा कुपनाला रिझर्व्ह बँकेच्या नियमांत 'क्लोज्ड सिस्टिम' म्हणतात. त्याला परवानगी लागत नाही. मात्र तेच कुपन मेकअपवाल्याकडे किंवा दुसऱ्या फोटोग्राफरकडेही चालेल असं केलंत, तर मामला बदलतो. ते करू नका.

जीएसटीबाबत ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय की व्हाउचरचा व्यवहार हा स्वतः वस्तूचा किंवा सेवेचा पुरवठा नाही. कर लागतो तो त्यातून मिळणाऱ्या गोष्टीवर. न वापरलेल्या व्हाउचरवरही कर नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात साधारणपणे नोंदणीच लागत नाही. पण ठरावीक प्रिंटचं कुपन व्हाउचर धरलं जाईल की आगाऊ रक्कम, हे नोंदणी असेल तर आपल्या सीएकडून बघून घ्या. किती कुपनं विकली, किती वापरली याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

दोन मुलींची आई

पालक म्हणून लिहिते. कुपन मी आनंदाने घेईन, फी भरताना ४०० रुपये जड वाटत नाहीत. पण गॅलरीला पासवर्ड हवा आणि गूगलवर ती दिसता कामा नये. एका कार्यक्रमाचे फोटो आम्हाला न विचारता सगळ्यांना उघडे ठेवले होते. मुली नाचाच्या पोशाखात, काही विंगेत कपडे नीट करताना. मला ते अजून खुपतं. विंगेतले तसे फोटो गॅलरीत घालूच नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. कुपन देतानाच एका कागदावर सही घ्या, आणि ज्यांना नको त्यांचा मान ठेवा.

घंटाळीचा कॅमेरा

सर्वांचे मनापासून आभार. पासवर्ड आणि संमतीपत्र नक्की करणार, विंगेतले फोटो वेगळेच ठेवणार. उद्या बाईंना भेटतोय. कुपनाचा मजकूर असा ठरवलाय: 'सहा बाय नऊचे चार प्रिंट. हवे तेव्हा, हवे तितके निवडा. कुणालाही देता येईल. शेवटची तारीख ३१ मार्च. प्रिंट वर्गात मिळतील.' मागच्या बाजूला क्यूआर आणि कोड. बाईंना विक्रीतला टक्का द्यावा का?

सीवूड्सकरीण

टक्का नको. पालकांना कळलं तर बाईंनाच अवघड होतं. त्याऐवजी सगळ्या वर्गाचा १२×१८ फ्रेम करून द्या, तो वर्गाच्या भिंतीवर लागतो आणि नवीन पालक तुमचं नाव विचारतात. मजकूर चांगला आहे, फक्त क्यूआरखाली तुमचा फोन नंबर ठळक छापा. आजीआजोबा स्कॅन करत बसत नाहीत, ते फोन करून 'तिसऱ्या नाचातला, डावीकडून दुसरी' असं सांगतात, आणि तीही ऑर्डरच असते.