मदत हवी आहे: ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या पेंटहाऊसमध्ये येऊरच्या डोंगराकडची भिंत काढून काच

नमस्कार मंडळी. हॉल आणि टेरेसमधली १५० मिमी ब्लॉकची भिंत काढून ४.२ मीटर रुंद, २.४ मीटर उंच सरकतं दार बसवायचंय. बांधकाम मायवानचं (भिंती आणि स्लॅब एकत्र काँक्रीटमध्ये ओतलेलं) नाही, कॉलम-बीमचं आहे, त्यामुळे भिंतीवर भार नाही. बीमला अजिबात हात लावायचा नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र, सोसायटीची एनओसी आणि पालिकेची परवानगी आल्याशिवाय हातोडा पडणार नाही.

खरी काळजी पावसाची. बाजू नैऋत्येची, वरच्या मजल्यावर वारा पाणी थेट ट्रॅकमध्ये ढकलतो. साध्या सरकत्या दाराला सहसा ब्रशची सील असते, म्हणून जोराच्या सरीत ट्रॅक भरून पाणी आत उतरतं. लिफ्ट-अँड-स्लाइडमध्ये पल्ला खाली बसून रबर दाबतो, पण वजन आणि खर्च दोन्ही वाढतात. इतक्या रुंदीला तीन पल्ले बरे की दोन?

दुसरं, उंबरा. टेरेसची लादी आतल्या फरशीपेक्षा जेमतेम २० मिमी खाली आहे. जुना कोबा काढून १०० मिमी फरक मिळवावा आणि वॉटरप्रूफिंग नव्याने करावं, की दारासमोर जाळीचं गटार पुरेल? मला कोबा काढणंच योग्य वाटतं, पण खालच्या फ्लॅटला गळती लागता कामा नये.

दुपारच्या उन्हासाठी ६+६ लॅमिनेटेड (६ मिमीच्या दोन काचा चिकटवलेली) लो-ई, म्हणजे उष्णता परतवणारा थर असलेली काच घ्यायचा विचार आहे. डोंगराचा हिरवा रंग काळपट दिसेल अशी गडद काच नको. मोठे पल्ले लिफ्टमध्ये मावत नाहीत. ते वर कसे चढवलेत?