क्रीट बेट, सोबत ६८ वर्षांची आई : मुक्काम, गाडी, जेवण याबद्दल मदत हवी आहे

रानजाई

नमस्कार मंडळी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि आई अशा दोघीच ग्रीसला जातोय, अथेन्सला दोन दिवस आणि पुढे क्रीट बेटावर आठ रात्री. व्हिसा झालाय, अथेन्सची तिकिटं झालीत, पण क्रीटचं घोडं अडलंय. जितकं वाचतेय तितका गोंधळ वाढतोय म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी सांगते म्हणजे कुठलं ठिकाण गाळता येणार नाही ते कळेल. आई सांगलीला शाळेत इतिहास शिकवायची. क्रीटवरची प्राचीन मिनोअन संस्कृती पुस्तकात दोन ओळींची असो वा नसो, ती एक अख्खा तास त्यावर घ्यायचीच. एका जुन्या मासिकातून कापलेलं चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवलंय तिने, उधळलेल्या बैलाच्या पाठीवरून कोलांटी मारणारा माणूस आणि पुढेमागे उभ्या दोन गोऱ्या आकृत्या. त्या दोन मुली असाव्यात असं मानतात हे ती वर्गातल्या मुलींना मुद्दाम सांगायची. दुसरी गोष्ट म्हणजे क्रीटवरच्याच फेस्तोसची मातीची तबकडी, जिच्यावरची लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही. "आपली सिंधू लिपी आणि ही, दोन्ही वाचायच्या राहिल्यात, तुमच्यातल्या कोणीतरी वाचा" हे वाक्य मी स्वतः तिच्या वर्गात बसून ऐकलंय. तर क्नोसोसचा मिनोअन राजवाडा आणि हेराक्लिओनचं म्युझियम हे दोन झालेच पाहिजेत, बाकी सगळं मागेपुढे चालेल.

आता अडचणी. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, सपाटीवर अर्धा-पाऊण तास छान चालते पण पायऱ्या उतरताना फार त्रास होतो. शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही नाही. मी पुण्यात रोज गाडी चालवते पण उजव्या बाजूने कधीच चालवलेली नाही. एका एजंटने प्लॅन करून दिलाय त्यात आठ रात्रींत सहा हॉटेलं आहेत, हेराक्लिओन, आयोस निकोलाओस, रेथिम्नो, हानिया, पालेओखोरा आणि परत हेराक्लिओन. मला बघूनच धडकी भरली, पण तो म्हणतो बेट छोटंसं आहे, सगळं जवळजवळ आहे. खरंच तसं आहे का? गाडी घ्यावी की बसने जमेल? आणि मला एकटीला सामरियाची घळ चालायची फार इच्छा आहे, त्या दिवशी आईला एकटं ठेवणं बरोबर होईल का, हेही मनात घोळतंय. जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.

पायवाट

रानजाई, पहिलं काम म्हणजे तो प्लॅन बाजूला ठेवा. क्रीट छोटं नाहीये हो! पूर्व-पश्चिम साधारण २६० किमी लांब आहे, म्हणजे पुण्याहून कोल्हापूर गाठून पुढे जाण्याइतकं, आणि मधे डोंगरांची रांगच्या रांग, प्सिलोरितिसचं शिखर २४५६ मीटर आहे म्हणजे आपल्या कळसूबाईहून आठशे मीटरने उंच. उत्तर किनाऱ्याने मोठा रस्ता आहे तो बरा, पण दक्षिणेला उतरायचं म्हटलं की घाटच घाट. नकाशावर ४० किमी दिसलं की सव्वा तास धरायचा. हेराक्लिओन ते हानिया १४० किमी आहे, गाडीने अडीच तास, बसने जवळजवळ तीन.

आम्ही पहिल्या खेपेला असेच पळालो होतो, पाच हॉटेलं, आणि आठवतं काय तर बॅगा भरणं. दुसऱ्यांदा दोनच मुक्काम केले. तुम्हीही तसंच करा, हानियाला चार रात्री आणि हेराक्लिओनला चार. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून रात्रीची फेरी असते, केबिन घ्या, आई झोपेल आणि पहाटे हानियाजवळ सूदा बंदरात उतराल. एका हॉटेलचे पैसे वाचतात आणि एअरपोर्टची दगदगही नाही. परतीचं विमान हेराक्लिओनहून घ्या म्हणजे उलटं यायला नको.

क्नोसोसबद्दल एक. आधी म्युझियम, दुसऱ्या दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या क्नोसोस. कारण राजवाड्यात जी भित्तिचित्रं दिसतात त्या नकला आहेत, अस्सल सगळी म्युझियममध्ये. आर्थर एव्हान्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १९०० पासून तिथे खोदकाम केलं आणि बरंचसं काँक्रीट घालून पुन्हा उभारलं, ते वरून जाड खाली निमुळते लाल खांब वगैरे. त्याच्यावर आजही वाद आहेत. आईंना हे ठाऊक असेलच, पण म्युझियम आधी झालं की काय मूळ आणि काय एव्हान्सचं हे जागेवर उभं राहून कळतं. शहरापासून ५ किमी आहे, सिटी बस जाते. सावली फार कमी आहे, टोपी आणि पाणी विसरू नका.

मिरीदाणा

जेवणाची काळजी अजिबात करू नका ताई, मी स्वतः शाकाहारी आणि युरोपात सगळ्यात पोटभर कुठे जेवले असेन तर क्रीटला. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोकांचे उपासाचे दिवस वर्षात पुष्कळ असतात, त्यात मांस, दूध, अंडी बंद, त्यामुळे बिनमांसाचं जेवण हे त्यांच्या घरचंच आहे. "निस्तीसिमो" हा शब्द लक्षात ठेवा, उपासाचं म्हणजे निस्तीसिमो, फक्त त्यात कालवं-कोळंबी चालतात त्यांना, तेवढं विचारून घ्या.

आईंना "फावा" नक्की द्या, नाव ऐकून वेगळं वाटतं पण पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच आहे, वर कच्चा कांदा, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. गीगांडेस म्हणजे मोठ्ठे पावटे टोमॅटोच्या रश्श्यात भाजलेले. होर्ता म्हणजे रानभाजी उकडून तेल-लिंबू घालून. दाकोस म्हणजे बार्लीच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो आणि मिझिथ्रा चीज, टोस्ट इतका कडक असतो की टोमॅटोचं पाणी मुरेपर्यंत थांबा, दात सांभाळा. भात भरलेले टोमॅटो-मिरच्या, म्हणजे येमिस्ता, यात कधी कधी खिमा असतो म्हणून "होरिस क्रेआस" म्हणा, मांसाशिवाय. अंड्याला आव्घो, माशाला प्सारी. एका कागदावर ग्रीकमध्ये लिहून घेतलंत तर सगळ्यात उत्तम, मी तेच केलं होतं.

आईंना रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध फाडायला घालतात ते, चालत नसेल तर मात्र चीजचं बघा, तिकडच्या पारंपरिक चीजमध्ये ते बहुतेक प्राण्याचंच असतं. आणि जेवण झाल्यावर न मागता फळं किंवा गोड आणि छोट्या बाटलीत राकी (तिथली दारू) आणून ठेवतात, ती पाहुण्याला दिलेली भेट असते. घ्यायची नसेल तर हसून छातीला हात लावायचा, कोणी वाईट वाटून घेत नाही.

रानजाई

पायवाट, मिरीदाणा, डोक्यावरचं मोठं ओझं उतरवलंत. आईला फावाचं वर्णन वाचून दाखवलं तर लगेच म्हणाली मग तूप नेऊया छोट्या डबीत. दोन मुक्काम नक्की. आता गाडीचं सांगाल का कोणी?

सह्याद्रीपार

मी म्युनिकला असतो, क्रीटला चार वेळा गेलोय. गाडी घ्या, पण रोज नको. हानिया आणि हेराक्लिओन दोन्ही गावांच्या जुन्या भागात गाडी म्हणजे डोक्याला ताप, गल्ल्या अरुंद आणि पार्किंग नाही. मधले तीन-चार दिवस घ्या. तुम्हाला भारतातल्या लायसन्सबरोबर इंटरनॅशनल परमिट लागेल, ते निघायच्या आधी आरटीओतूनच काढावं लागतं, तिकडे गेल्यावर मिळत नाही. ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात, आत्ताच बुक करा. रस्ता बघायचा की उजव्या हाताने गिअर टाकायचा या घोळात पहिल्या दिवशी पडू नका, ऑटोमॅटिकच घ्या. आणि पूर्ण विमा, एक्सेस (नुकसान झालं तर आपल्या खिशातून भरायचा वाटा) शून्य असलेला.

उत्तरेच्या रस्त्यावर एक पद्धत आहे ती माहीत नसेल तर माणूस घाबरतो. हळू चालणारी गाडी उजवीकडच्या पट्टीवर अर्धी उतरून चालते आणि मागचा मधूनच पुढे काढतो. मागून कोणी चिकटला तर उजवीकडे सरका, जाऊ द्या त्याला, पण पुढे वळण असेल तर पट्टीवर कोणी थांबलेलं नाही ना ते बघा. रस्त्याच्या कडेला खांबावर छोटी छोटी देवळं दिसतील, आत तेलाचा दिवा आणि एखादा फोटो. पुष्कळदा तिथे अपघात झालेला असतो, कोणी गेलेलं असतं किंवा वाचलेलं असतं. जिथे अशी दोन-तीन जवळजवळ दिसतील तिथे मी वेग कमी करतो, तुम्हीही करा.

आईंसाठी एक सुचवतो. समुद्रकिनारा म्हणून सगळे एलाफोनिसी आणि बालोस सांगतील, बालोसला वरून गाडीने गेलात तर उतरून परत चढावं लागतं, तो बेत नको. त्याऐवजी खोरा स्फाकिओनला जा आणि तिथून बोटीने लूत्रोला. या गावाला रस्ताच नाही, बोटीनेच किंवा डोंगरातून चालत जायचं, त्यामुळे एकही गाडी नाही. पांढरी घरं, पाण्याला लागून टेबलं, समोर लिबियन समुद्र. सपाट आहे. आईंना तिथे तीन तास नुसतं बसायला आवडेल.

खडीसाखर

सामरियाबद्दल मी सांगते. एकूण १६ किमी आहे, ओमालोसच्या पठारावर साधारण १२३० मीटरवर सुरू होते आणि समुद्रावर आयिया रुमेलीला संपते. सगळा उतार आहे म्हणून सोपी वाटते पण पहिले दोन-तीन किमी पायऱ्या-पायऱ्यांचा तीव्र उतार, खाली गोटे, मला पाच तास पंचेचाळीस मिनिटं लागली आणि दोन दिवस मांड्या धरल्या होत्या. जुने मुरलेले बूट घाला, नवे नकोत. साधारण मे ते ऑक्टोबर उघडी असते, पाऊस किंवा दरडीचा धोका असेल तर त्या दिवशी बंद ठेवतात, आदल्या संध्याकाळी खात्री करा. खाली उतरल्यावर रस्ता नाही, बोटच आहे, ती चुकली तर मुक्काम तिथेच. हानियाहून पहाटेची बस, संध्याकाळी बोट आणि मग परत बस. अख्खा दिवस जातो.

आईंना एकटं ठेवायचं वाईट वाटून घेऊ नका, पण दुसरा मार्गही आहे. दोघी बोटीने आयिया रुमेलीला जा, त्या किनाऱ्यावर बसतील आणि तुम्ही खालून वर "लोखंडी दरवाज्यां"पर्यंत जाऊन या. तिथे दोन्ही कडे एकमेकांच्या चार मीटरवर येतात आणि भिंती काही शे मीटर वर जातात. घळीतलं सगळ्यात सुंदर तेच आहे.

आणि वेळ उरला तर स्पिनालोंगाचं छोटं बेट. १९०३ ते १९५७ तिथे कुष्ठरोग्यांना आणून ठेवायचे. बाजार होता, चर्च होतं, लग्नं व्हायची, मुलं व्हायची. रेमुंदाकिस नावाच्या, कायद्याचं शिक्षण अर्धवट सुटलेल्या तरुण रुग्णाने १९३६ साली सगळ्यांची संघटना बांधली. प्लाका गावातून बोट दहा मिनिटांत पोचवते. वाट खडबडीत आहे, काठी हवी.

रानजाई

आलो परत! सगळ्यांचं ऋण आहे म्हणून सविस्तर लिहिते.

गाडी पाच दिवस घेतली. पहिल्या सकाळी हानियातून बाहेर पडताना चौकात डावीकडच्या लेनमध्ये शिरले, समोरच्या म्हाताऱ्या काकांनी हॉर्न न वाजवता थांबून हाताने दाखवलं इकडे ये. त्यानंतर आई प्रत्येक वळणाला "उजवी" म्हणत राहिली, पाचही दिवस. खरोखर उपयोग झाला.

सामरिया पूर्ण केली नाही, खडीसाखर म्हणाली तसं खालून गेले. पण खोरा स्फाकिओनहून निघालेली बोट वाटेत लूत्रोला थांबली तेव्हा आईच म्हणाली मी इथेच उतरते, तू जा. मी चार तासांनी आले तर ती टेबलाशी बसून हॉटेलच्या आजींबरोबर होर्ता निवडत होती, मधे पातेलं, दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. काटेरी पाल्याला स्तामनागाथी म्हणतात हे आईने मला सांगितलं, आणि देठ कसे काढायचे तेही.

स्पिनालोंगाला ती बोलली नाही. बोगद्यासारख्या दारातून आत शिरतो तिथे थांबली, हात भिंतीला लावून. मग म्हणाली, इथली शेवटची माणसं बाहेर पडली त्याच दशकात आपल्याकडे वरोऱ्याला आनंदवन उभं राहत होतं. ती १९७८ साली शाळेची सहल घेऊन तिथे गेली होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. अर्ध्याच वाटेपर्यंत गेलो, पुढे दगड फार सुटे होते.

आणि म्युझियम. बैलाच्या चित्रापुढे ती जवळ जाऊन तिरकी वाकली आणि मला म्हणाली बघ, खरे तुकडे जरा वर आलेत, मधलं सगळं नंतर भरलंय. तीस वर्षं पुठ्ठ्यावर बघताना ते दिसलंच नव्हतं तिला. तबकडीपाशी मात्र वेळ लागला. ती फळ्यावर परातीएवढी काढायची, प्रत्यक्षात आहे १६ सेंटीमीटर, फुलक्याएवढी. दोन्ही बाजू दिसतील अशी ठेवलीये. पिसांची टोपी घातलेलं डोकं, मासा, चालणारा माणूस, बोटाने हवेत गोल गोल फिरवत तिने बाहेरून आत मोजायला सुरुवात केली, मागे गाइडबरोबर आलेला एक घोळका थांबला, ती बाजूला झाली, घोळका गेल्यावर परत पहिल्या चिन्हापासून. असं तीनदा. मी बाकावर बसून राहिले.

क्नोसोस दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, गर्दीच्या आधी. २०२५ मध्ये मिनोअन राजवाडे जागतिक वारशाच्या यादीत आलेत, त्यामुळे गर्दी वाढतच जाणार असं वाटतं, तिकीट ऑनलाइन वेळेसकट काढा. जमीन उंचसखल आहे, काही ठिकाणी लाकडी वाटा केल्यात, आई दीड तास चालली आणि दोनदा बसली.

तूप शेवटच्या दिवशी संपलं, फावावर.

लाटांपलीकडे

वा, सुंदर लिहिलंत. आम्ही डिसेंबरात जायचं म्हणतोय, वडील बरोबर आहेत, त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय. चालेल का?

रानजाई

सामरिया तेव्हा बंद असते, दक्षिणेच्या बोटी अगदी कमी, किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं बंद आणि पाऊसही तेव्हाच पडतो. पण म्युझियम आणि क्नोसोस चालू असतात आणि उन्हाचा त्रास नाही. वडिलांना चढ चालत नसेल तर फक्त हेराक्लिओनला राहा, हॉटेल म्युझियमच्या जवळचं बघा. औषधांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट इंग्रजीत लिहून न्या, ब्रँडची नावं तिकडे वेगळी असतात. आणि वडिलांना काय बघायचंय ते एकदा विचारून इथे लिहा, त्यावरून पुढचं सांगते.