मोठेपणी ऑटिझमचं निदान: करून घ्यावं की नको?

रानजाई
तिशी-चाळिशीतल्या, नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसाला आपल्यात ऑटिझम (जन्मापासूनची मेंदूची वेगळी घडण; लोकांत मिसळणं, बदल किंवा आवाज-प्रकाश सोसणं जड जातं) असावा अशी शंका आली, तर 'आता या वयात कशाला?' हेच ऐकावं लागतं. मला ते साफ चुकीचं वाटतं. अशी कितीतरी माणसं वर्षानुवर्षं सोशल अँग्झायटीचे, म्हणजे लोकांत वावरण्याच्या भीतीचे उपचार घेत राहतात. त्या उपचारांत गर्दीला हळूहळू सामोरं जायला लावतात, कारण भीती सवयीने ओसरते. पण त्रास भीतीचा नसून ट्यूबलाइटच्या गुणगुणण्याचा, चार जणांच्या एकदम बोलण्याचा असेल, तर तो सहसा तसा ओसरत नाही. माणूस नुसता थकत जातो, आणि गुण येत नाही याचा दोष स्वतःकडे घेतो. डीएसएम-५ (२०१३) या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन निकषग्रंथात स्पष्ट लिहिलंय की लक्षणं लहानपणापासूनची हवीत, पण जबाबदाऱ्या झेपेनाशा होईपर्यंत ती झाकलेली राहू शकतात. शंका असेल तर तपासून घ्याच.

कोरांटी
असहमत. निदानानंतर पुढे काय? स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, खास शाळा, आपल्याकडे जवळजवळ सगळं लहान मुलांभोवती उभं आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचं म्हणाल तर त्यासाठी वापरतात ती आयएसएए मोजपट्टी बघा. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज ७० च्या खाली आली तर ऑटिझम नाही असं धरतात. मुद्दे कसले, तर ऐकलेले शब्द तसेच परत म्हणणं, 'मी' आणि 'तू'ची उलटापालट, स्वतःला इजा करून घेणं. अस्खलित बोलणारा, रोज ऑफिसला जाणारा माणूस अशा मुद्द्यांवर सहसा १-२ च्या पुढे जात नाही, त्यामुळे बेरीज ७० च्या खालीच राहण्याची शक्यता मोठी. म्हणजे ४० टक्के दिव्यांगत्व नाही, आरक्षण नाही, करसवलत नाही. हेडफोन लावायला किंवा 'काम मेलवर लिहून पाठवा' म्हणायला डॉक्टरांचा कागद लागत नाही.

रानजाई
तुम्ही निदान आणि प्रमाणपत्र एकत्र करताय. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'दिव्यांग व्यक्ती'ची व्याख्या वेगळी आणि ४० टक्क्यांवरच्यांची वेगळी. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात (फेब्रुवारी २०२१) सर्वोच्च न्यायालयाने रायटर्स क्रॅम्प (लिहिताना हात आखडणं) असलेल्या उमेदवाराला ४० टक्क्यांची अट न लावता लेखनिक (परीक्षेत त्याच्यासाठी लिहिणारा) मान्य केला. 'मेलवर लिहून पाठवा' हे आजचा साहेब ऐकेल. तो बदलला की हातात कागद हवा.

दवबिंदू
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून जातेय. निदान घ्यावं की नको यापेक्षा ते *कसं* केलं जातं यावर फायदा-तोटा ठरतो.

ऑनलाइन चाचणीचे गुण म्हणजे निदान नव्हे. एक्यू या प्रश्नावलीत ५० प्रश्न, ३२ किंवा जास्त गुण आले की शंका. रॅड्स-आर या दुसऱ्या प्रश्नावलीत ८० प्रश्न, सीमा ६५. चिंताविकार किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणं, अतिचंचलता) असलेली माणसंही या रेषा सहज ओलांडतात. उलटीकडून तितकीच वाईट चूक होते: 'नजरेला नजर देऊन बोलता, लग्न झालंय, मग कसला ऑटिझम?' असं म्हणून दहा मिनिटांत परत पाठवतात. शिकून, घोकून नजर देता येते. म्हणून नजर देता का, एवढं विचारून भागत नाही. ती देताना समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरतं का, हे विचारावं लागतं. एडॉस-२ या तज्ज्ञाने समोर बसवून घ्यायच्या चाचणीच्या मोठ्यांसाठीच्या चौथ्या भागातही (मॉड्यूल ४), तो ४०-६० मिनिटांचाच असल्याने, कसलेला माणूस तेवढा वेळ निभावून नेऊ शकतो. एकट्या एडॉसवर 'नाही' म्हणणारा रिपोर्ट पुरेसा मानू नका.

पैसे भरण्याआधी फोनवरच विचारा: मोठ्या माणसांचं निदान करता का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणीकृत आहेत का? बालपणाचा इतिहास घेता का? एडीएचडी, ओसीडी (तेच तेच विचार आणि कृतींचा विकार), मानसिक आघाताचे परिणाम हेही तपासता का? रिपोर्टमध्ये कुठला निकष कुठल्या उदाहरणावर पूर्ण झाला हे लिहिता का? शेवटच्याला 'नाही' आलं तर तिथे जाऊ नका. नुसतं 'ऑटिझमची लक्षणे' असा एका ओळीचा कागद पुढे कुठेच चालत नाही.

कोरांटी
हे पटलं. पण बालपणाच्या इतिहासासाठी आईवडलांना बोलावतात, आणि तिथेच बऱ्याच जणांचं घर पेटतं. 'आमच्या संगोपनात काय कमी पडलं?' इथून सुरुवात, मग बहिणीच्या लग्नापर्यंत विषय जातो. ही किंमत कुणी मोजायची? म्हणून माझं मत कायम: रोजचं जगणं अडत नसेल तर कागदाच्या मागे लागू नये.

दवबिंदू
रोजचं जगणं अडत नसेल तर निदान होतही नाही, तो निकषच आहे. आणि आईवडील आलेच पाहिजेत असं नाही. लहानपणचा पुरावा हवा. थोरली बहीण, आत्या, मावशी चालतात. प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तकं शोधा. 'हुशार आहे पण वर्गात मिसळत नाही', 'एकच विषय धरून बसतो' असे शेरे कामाला येतात. आईवडलांशी बोलायचंच असेल तर ऑटिझमचं नाव काढायची गरज नाही. 'मी लहानपणी नॉर्मल होतो का?' असं विचारलं की 'हो' एवढंच मिळतं. बोटाने दाखवून काही मागायचो का, शाळेचा रस्ता बदलला तर काय करायचो, कुठले कपडे टोचतात म्हणून काढून टाकायचो, कुकरच्या शिट्टीला कान झाकायचो का, असं एकेक विचारा. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, शेजारी तेव्हाचं वय टाका आणि तो कागद पहिल्याच भेटीत द्या.