प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा पुन्हा मूत्रसंसर्ग : मदत हवी आहे

माझ्या वडिलांची (वय 71, मधुमेह, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन 1.8) प्रोस्टेटची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सहा आठवड्यांपूर्वी बेळगावात झाली. लघवीची नळी काढल्यानंतर त्यांना दोनदा हुडहुडी भरून ताप आला व लघवीला जळजळ झाली. पहिल्या वेळी खानापुरात कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) न करताच पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या आणि त्या त्यांनी पूर्ण घेतल्या. दुसऱ्या वेळी औषधाआधी दिलेल्या नमुन्यात ई. कोलाय हे जंतू आढळले, ज्यांवर सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक चालत नाही. म्हणून इंजेक्शने दिली, ती परवा संपली. आता ताप व जळजळ नाही, साखर आटोक्यात आहे, पण रात्री ते भिंत धरून चार-पाच वेळा उठतात, आणि लघवी झाल्यावरही पोट मोकळे वाटत नाही म्हणतात. लघवीत पू-पेशी अजून 15-20 आहेत; शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे त्या राहू शकतात, हे मला माहीत आहे.

आम्ही जांबोटीकडे राहतो आणि पावसात त्यांना बेळगावला वारंवार नेणे झेपत नाही. डॉक्टरांची भेट गुरुवारी आहे. लक्षणे नसताना पुन्हा कल्चर करावे, की मूत्राशयात किती लघवी उरते हे पाहणारी सोनोग्राफी त्याच फेरीत आधी करून घ्यावी?