शनिवारी चिली कुक-ऑफला जाऊन आलो (आणि चकलीचा जुना विषय)

नमस्कार मंडळी,

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने फारच गळ घातली म्हणून परवा ऑस्टिनपासून दीड तासावरच्या एका गावी चिली कुक-ऑफ, म्हणजे चिली नावाचा मांसाचा मसालेदार रस्सा रांधायची स्पर्धा, बघून आलो. गाव एवढंसं. तिथलं अग्निशामक दलही पगारी नाही. गावातलेच सुतार, मास्तर, ट्रकवाले भोंगा वाजला की धावतात. त्यांच्या नव्या पोशाखांसाठी पैसे जमवायचे होते. लाल बंब मैदानात उभा आणि त्याच्यावर पोरं लोंबकळत होती.

मुलांच्या शाळेत मिळते ती राजम्याची चिली विसरा. टेक्ससच्या स्पर्धेत कडधान्याचा दाणा सापडला की बाद. मांस, सुक्या मिरच्या, जिरं, लसूण, बस्स. 1977 साली इथल्या विधिमंडळाने ती राज्याचा पदार्थ म्हणून ठरावाने जाहीर केली. मी बीफ खात नाही, पण एकाने हरणाच्या मांसाची केली होती, ती चाखली. पहिल्या घोटाला वाटलं, तांबडा रस्साच, फक्त खोबरं घालायचं राहिलंय! तिखटपणा बेताचा, रंग मात्र जबरदस्त. त्यांची अँचो मिरची म्हणजे आपल्या ब्याडगीच्या वळणाची. मसाला एकदम घालत नाहीत, दोन-तीन हप्त्यांत घालतात आणि प्रत्येक हप्त्याला ‘डंप’ म्हणतात. शेवटचा डंप उतरवायच्या जरा आधी, म्हणजे जिऱ्याचा वास उडून जात नाही.

या वेडाची सुरुवातही मजेशीर आहे. 1967 साली मेक्सिकोच्या सीमेजवळ टर्लिंग्वा नावाच्या, पाऱ्याच्या खाणी बंद पडून ओस झालेल्या गावात टेक्ससचे पत्रकार विक फाउलर आणि न्यूयॉर्कचे विनोदी लेखक एच. ॲलन स्मिथ यांची चिली रांधण्यावरून जुंपली. परीक्षक तीन. दोघांची मतं फुटली आणि तिसऱ्याने जीभच बधिर झाली म्हणून हात वर केले. सामना बरोबरीत!

परवा मला हिशेबाच्या टेबलाशी बसवलं होतं, म्हणून खरी गंमत जवळून बघता आली. प्रत्येक गटाला एकसारखा पांढरा झाकणाचा पेला. तिकिटाचे दोन तुकडे: एक पेल्याला चिकटवलेला, दुसरा आचाऱ्याच्या खिशात. परीक्षकांपुढे फक्त पेले. वास, रंग, दाटपणा, चव आणि गिळल्यावर मागे राहणारी चव, असे गुण. प्रत्येक घासाला नवा चमचा. शेवटी आकडा पुकारला, तेव्हा कुठे कळलं पेला कोणाचा. लोकांची पसंती मात्र उघड: प्रत्येक गटापुढे बरणी, एक डॉलर म्हणजे एक मत. एक आजोबा नातवाच्या बरणीत दर दहा मिनिटांनी नोट सरकवत होते. चालतं, पैसे शेवटी बंबवाल्यांनाच जाणार.

आता मुद्दा. आपल्या मंडळाच्या गेल्या दिवाळीच्या फराळ स्पर्धेत ताटल्यांना नंबर लावले होते, पण चकल्या आल्या स्टीलच्या डब्यांतून. आणि डब्यांवर? नावं कोरलेली! ‘सौ.’सकट, लग्नाच्या तारखेसकट. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. यंदा पांढरे पेले आणि दुहेरी तिकीट करायचं का?

आपला,
माजी खजिनदार

---

सर्वांस स. न.

वर्णन झकास. पण यातून ‘आपलाही एक गट पाठवू’ असं काही निघणार असेल तर माझा आधीच विरोध नोंदवून ठेवा. बीफच्या स्पर्धेत मंडळाचं नाव नको. देणगी द्यायची तर सरळ चेक पाठवा, पातेली कशाला घासायची?

– राउंड रॉकचे काका

---

मंडळी,

गेल्या वर्षी परीक्षक मीच होते, तेव्हा बोलते. हो, डब्यांवरची नावं वाचली. न वाचून कशी चालतील, झाकण उघडताना डोळ्यांसमोरच येतात! पहिलं बक्षीस दिलं ती चकली कुरकुरीत होती, यावर मी आजही ठाम आहे. पण दुसरं आणि तिसरं देताना उद्या कोणाच्या घरी हळदीकुंकवाला जायचंय हे मनात आलं नाही, असं शपथेवर सांगणार नाही. तिकिटाची कल्पना मला शंभर टक्के मान्य. परीक्षक मात्र दुसरं कोणी शोधा.

काका, चेक पाठवला तर तो लिफाफ्यात जातो. तिथे उभं राहून वाढलं तर चार माणसं ओळखीची होतात. मी त्या गावावरून सात वर्षं जा-ये करतेय, आजवर पंपापलीकडे थांबले नाही.

– ताई

---

ताई, एवढं खरं बोलल्याबद्दल तुम्हाला एक चकली माझ्याकडून.

काका, बीफच हवं असा नियम नाही. पत्रकात चक्क ‘कोणतंही मांस’ लिहिलंय, म्हणजे बोकडाचं चालेल. आयोजक बाईंना विचारून घेतलं, त्या म्हणाल्या, ‘आजवर कोणी आणलं नाही, आणा!’ मसाला घरून कुटून आणलेला चालतो, म्हणजे कांदा-लसूण मसाल्याची सोय झाली. मांस आदल्या रात्री मुरवत ठेवायचं नाही. कांदा चिरणं, भाजणं, वाटणं हे सगळं तिथेच, त्यांच्यासमोर. खोबरं ‘भरताड’ (कडधान्यासारखी भर, जिच्यामुळे बाद करतात) धरतात का, ते मात्र बाई मुख्य परीक्षकाला विचारून सांगणार आहेत.

तोवर दोन गोष्टी हव्यात. कांदा भाजायला कोळशाची शेगडी कोणाकडे आहे? आणि वीस-पंचवीस जणांचं पातेलं. नाव न कोरलेलं.

– मा. ख.

---

शेगडी माझ्याकडे आहे. मी फक्त शेगडी आणतोय, याचा वेगळा अर्थ काढू नये.

– काका