शब्दचर्चा : ‘मध्यस्थी’, ‘लवाद’ आणि लवादाचे ‘ठिकाण’

वाचनवेडा :
समुद्रातल्या तेल-वायू उत्खननाच्या एका कराराचा मराठी सारांश तपासतो आहे. त्यात असे वाक्य आहे : ‘पक्षांमधील वाद मध्यस्थीने सोडवले जातील. मध्यस्थीचे ठिकाण लंडन राहील व मध्यस्थांचा निकाल अंतिम असेल.’ मूळ इंग्रजीत अनुक्रमे आर्बिट्रेशन, व्हेन्यू आणि अवॉर्ड हे शब्द आहेत. ‘मध्यस्थी’ खटकते, पण हिंदी मजकुरात ‘मध्यस्थता’ सर्रास दिसते. आपली वर्तमानपत्रे ‘लवाद’ लिहितात. दोन्ही चालतील का? ‘ठिकाण’ आणि ‘निकाल’ यांबद्दलही मत हवे आहे.

निवाडपत्र :
‘मध्यस्थी’ इथे चालणार नाही. मध्यस्थ समजूत घालतो, तोडगा सुचवतो. न पटल्यास कोणीही उठून जाऊ शकतो. आर्बिट्रेशनमध्ये उठून जाण्याची मुभा करारावर सही करतानाच सोडलेली असते. बहुधा तिघे बसतात : दोन्ही पक्षांनी नेमलेले एकेक आणि तिसरा अध्यक्ष. ते कागद पाहतात, साक्षी घेतात आणि निर्णय देतात. हरणाऱ्याला तो पटो न पटो, पाळावाच लागतो. यासाठी मराठीत ‘लवाद’ हाच रुळलेला शब्द आहे.

ऊर्जेच्या करारांत ही गल्लत विशेष महागात पडते, कारण तिथले वादाचे कलम पायऱ्यापायऱ्यांचे असते. आधी वादाची लेखी नोटीस, मग ठरलेल्या मुदतीत दोन्हीकडच्या वरिष्ठांची बोलणी, मग समेट किंवा मध्यस्थी. मुद्दा निव्वळ तांत्रिक असेल, म्हणजे साठ्याचा अंदाज, मीटरची मोजणी, वायूचे उष्मांकमूल्य, तर तो तज्ज्ञाकडे जातो. सगळ्यात शेवटी लवाद. समेटाच्या पायरीला आणि शेवटच्या पायरीला एकच शब्द वापरला, तर कोण कुठवर आले हे वाचणाऱ्याला कळणारच नाही. मधली पायरी गाळून दावा आणला की ‘हा दावा वेळेआधीच आला’ अशी हरकत समोरून येते आणि मूळ मुद्द्याला हात लागण्याआधी महिने जातात.

हिंदीचे म्हणाल तर लवादाच्या १९९६ च्या भारतीय कायद्याचे हिंदी नाव ‘माध्यस्थम् और सुलह अधिनियम’ असे आहे. ‘माध्यस्थम्’ हा मुद्दाम घडवलेला शब्द. तो बोलताना ‘मध्यस्थता’ होतो आणि मराठीत येता येता ‘मध्यस्थी’. शब्द ओळखीचा वाटतो म्हणूनच फसवतो.

दर्यावर्दी :
वरील मताशी सहमत, पण ‘लवाद’ही निर्धोक नाही. मराठीत तो तीन अर्थांनी फिरतो. निर्णय देणारी व्यक्ती म्हणजे लवाद, ती सगळी प्रक्रिया म्हणजे लवाद, आणि ‘राष्ट्रीय हरित लवाद’, ‘कृष्णा पाणीवाटप लवाद’ अशा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थाही लवाद. हा तिसरा अर्थ खरा घोळ घालतो. हरित लवादासमोर जायला कोणाची संमती लागत नाही. कायद्याने तो अधिकार दिलेला आहे. करारातल्या लवादाचा अधिकार मात्र पक्षांच्या लेखी संमतीतूनच जन्मतो. संमती नसेल तर लवादही नाही.

म्हणून व्यक्तीला ‘लवाद’, तिघांना मिळून ‘लवाद मंडळ’, प्रक्रियेला ‘लवादप्रक्रिया’ किंवा ‘लवादामार्फत’ आणि कायद्याने नेमलेल्या संस्थेला ‘न्यायाधिकरण’ असे पाळावे. ‘हरित लवाद’ आता बदलणे अवघड आहे, पण नव्या मजकुरात तरी भेद जपता येईल.

हेगबद्दलही एक सांगायला हवे. केर्न एनर्जी ही ब्रिटिश तेल कंपनी आणि भारत सरकार यांच्यातल्या पूर्वलक्षी (मागल्या तारखेपासून लावलेल्या) कराच्या वादात डिसेंबर २०२० मध्ये निवाडा आला, तेव्हा ‘हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने भारताविरुद्ध निकाल दिला’ अशा धाटणीचे वाक्य सहज लिहिले जाते. ते चूक आहे. ते तीन जणांचे लवाद मंडळ होते, गुंतवणूक संरक्षणाच्या द्विपक्षीय करारातून आलेले, आणि त्याचा कारभार पाहत होते स्थायी लवाद न्यायालय. ही १८९९ मध्ये ठरलेली संस्था आणि आंतरराष्ट्रीय न्यायालय हेगच्या एकाच पीस पॅलेसमध्ये आहेत, पण संस्था वेगळ्या. आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा फक्त देशांना लावता येतो, कंपनीला नाही.

बखरवाला :
जुन्या मराठी कागदांत लवादाच्या संमतीला नेमका शब्द होता : ‘राजीनामा’. आज त्याचा अर्थ पद सोडणे इतकाच उरला आहे. पेशवाईत वादी आणि प्रतिवादी पंचांपुढे उभे राहण्याआधी ‘पंच ठरवतील त्यास आम्ही राजी’ असे लिहून देत, तो राजीनामा. त्यापाठोपाठ दोघांच्या तकरिरी, म्हणजे लेखी कैफियती. शेवटी निवाडपत्र, आणि हरणाऱ्याकडून हार कबूल करणारे यजितखत. लवादकलम, दावापत्र व उत्तर, निवाडा : आजचा क्रम हाच आहे. जुने शब्द जसेच्या तसे परत आणा असे म्हणणे नाही. पण ‘निवाडा’ हा शब्द हाताशी असताना अवॉर्डला ‘निकाल’ किंवा ‘पुरस्कार’ (यंत्राने केलेल्या भाषांतरात हेही पाहायला मिळते) कशाला?

निवाडपत्र :
‘निवाडा’ला पूर्ण पाठिंबा. निकाल न्यायालयाचा, निवाडा लवादाचा. हा भेद कामाचाही आहे, कारण निवाडा स्वतःहून वसूल होत नाही. तो न्यायालयात नेऊन अंमलात आणावा लागतो. परदेशी निवाडा असेल तर असे निवाडे मान्य करण्याबद्दलच्या १९५८ च्या न्यूयॉर्क या आंतरराष्ट्रीय कराराच्या आधारे. आपल्याकडे १९९६ च्या कायद्याच्या कलम ४४ ते ४९ नुसार. कलम ४४ मध्ये एक अट दडलेली आहे. निवाडा ज्या देशात झाला तो देश भारत सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेला असावा लागतो. न्यूयॉर्क करारावर सही आहे एवढ्याने भागत नाही. मसुदा करताना हे तपासले नाही, तर जिंकलेला निवाडा भारतात परदेशी निवाडा म्हणून चालतच नाही.

आणखी एक जोडी : ‘अंतिम’ आणि ‘अंशतः’. तेल-वायूच्या वादांत ‘फायनल पार्शल अवॉर्ड’ असते. वाचणाऱ्याला वाटते, अंतिमही आणि अर्धवटही कसा? निर्णय काही मुद्द्यांपुरता असतो म्हणून अंशतः, आणि त्या मुद्द्यांवर पुन्हा चर्चा नाही म्हणून अंतिम. मी ‘अंतिम अंशनिवाडा’ वापरतो. ‘अंतरिम’ मात्र लिहू नये; तो तात्पुरत्या आदेशासाठी राखून ठेवावा.

दर्यावर्दी :
आता ‘ठिकाण’. वाचनवेडा, तुमच्या वाक्यातला सर्वांत जड शब्द हाच आहे.

इंग्रजीत दोन शब्द आहेत. ‘व्हेन्यू’ म्हणजे मंडळी प्रत्यक्ष बसतात ती जागा, ती हॉटेलची खोलीही असू शकते. ‘सीट’ म्हणजे लवाद कायद्याच्या दृष्टीने ज्या देशात वसलेला आहे ते स्थान. लवाद नेमण्यात अडथळा आला किंवा निवाडा रद्द करून हवा झाला तर कोणत्या देशाच्या न्यायालयात जायचे, हे सीटवरून ठरते. सीट लंडन असेल तर तिथल्या न्यायालयात, आणि मुदत साधारण २८ दिवस. सीट मुंबई असेल तर १९९६ च्या कायद्याच्या कलम ३४ खाली इथे, मुदत ३ महिने आणि वर कारण दाखवून जास्तीत जास्त ३० दिवस. चुकीच्या दारात अर्ज केला आणि मुदत निघून गेली, तर प्रकरण कितीही खरे असो, संपले.

घोटाळा असा की १९९० च्या दशकातल्या भारतीय उत्पादन वाटणी करारांत (सरकार आणि कंपन्या निघालेले तेल-वायू वाटून घेतात ते) सीटच्या जागी ‘व्हेन्यू’ लिहिलेले आहे. त्या एका शब्दावर सर्वोच्च न्यायालयात काय काय झाले ते पाहा.

रव्वा क्षेत्र, आंध्रचा किनारा, करार ऑक्टोबर १९९४ चा. ‘व्हेन्यू’ क्वालालंपूर. २००३ मध्ये सार्सची साथ आली म्हणून बैठका आधी ॲम्स्टरडॅम आणि मग लंडनला गेल्या. पक्षांच्या संमतीने सीट लंडनला हलवली अशी नोंदही लवाद मंडळाने केली. २०११ मध्ये करारातला एक पक्ष असलेल्या व्हिडिओकॉनच्या प्रकरणात न्यायालय म्हणाले, हलल्या त्या बैठका; कायदेशीर स्थान हलवायला करारातल्या सर्व पक्षांनी सही केलेली लेखी दुरुस्ती हवी होती, ती नव्हती, म्हणून स्थान क्वालालंपूरच.

पन्ना-मुक्ता आणि ताप्ती, मुंबईच्या समुद्रातली क्षेत्रे, करार डिसेंबर १९९४ चे. कराराला भारतीय कायदा, ‘व्हेन्यू’ लंडन, आणि लवादकलमाला इंग्लंडचा कायदा. इथे पक्षांनी सप्टेंबर २०११ मध्ये संमतीचा निवाडा घेऊन कायदेशीर स्थान लंडन आणि बैठका पॅरिस, सिंगापूर किंवा अन्यत्र असे स्पष्ट लिहून घेतले. म्हणून मे २०१४ मध्ये न्यायालयाने १९९६ च्या भारतीय कायद्याचा पहिला भाग (ज्यात कलम ३४ येते) इथे लागू नाही असे सांगितले.

हार्डी एक्स्प्लोरेशन या तेल कंपनीचे प्रकरण, पूर्व किनारा, करार १९९६ चा. पुन्हा ‘व्हेन्यू’ क्वालालंपूर, निवाड्यावर सह्याही क्वालालंपूरला. तरीही सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने व्हेन्यू म्हणजे सीट नव्हे असे ठरवून भारतीय न्यायालयांचे दार उघडले. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये एनएचपीसी या सरकारी कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पाच्या वादात, बीजीएस एसजीएस सोमा प्रकरणी, तेवढ्याच मोठ्या पीठाने हार्डीचा निर्णय ग्राह्य नाही असे म्हटले. विरुद्ध खूण नसेल तर ज्याला व्हेन्यू म्हटले तीच सीट धरायची. एकाच शब्दाची इतकी उलटापालट झाली, आणि प्रत्येक वेळी तेलाचा किंवा बांधकामाचा मूळ वाद बाजूला पडून वर्षे गेली.

मराठीत सीटसाठी ‘आसन’ सुचवले जाते. त्याने खुर्ची डोळ्यांपुढे येते. ‘पीठ’ न्यायाधीशांच्या पीठात अडकले आहे. मला ‘अधिष्ठान’ पटते : कशावर उभे आहे, कोणत्या कायद्याचा आधार आहे, हे त्यात येते. व्हेन्यूला ‘बैठकीचे ठिकाण’.

वीजमापक :
‘अधिष्ठान’ चांगले आहे. याच करारांतले आणखी तीन शब्द.

‘टेक ऑर पे’ला (ठरलेला वायू उचला, नाहीतर त्याचे पैसे भरा, हे कलम) ‘न उचलल्यास दंड’ असे लिहितात. दंड म्हटला की भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ चा वाद सुरू होतो, रक्कम वाजवी आहे का, नुकसान झाले का. विक्रेत्याचे म्हणणे नेमके उलट असते : हा दंड नव्हे, खरेदीदाराने स्वीकारलेला पर्याय आहे, वायू उचला अथवा पैसे भरा. म्हणून ‘उचला अथवा भरा’ असेच लिहावे. पैसे भरूनही न उचललेला वायू पुढच्या वर्षांत मागण्याचा हक्क बहुतेक करारांत असतो, तोही सारांशात यायला हवा. विजेतला याचा भाऊबंद म्हणजे क्षमता आकार. आपल्या वीजबिलावरचा ‘स्थिर आकार’ वाचकाला माहीत असतो, तोच धागा धरावा : वीज घेतली नाही तरी द्यायचा आकार. एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाचा (प्रत्यक्षात तो गुहागर तालुक्यात अंजनवेलला आहे) मोठा भार याच आकाराचा होता.

दुसरा शब्द ‘रद्द’. मे २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने दाभोळचा करार ‘रिसाइंड’ केला. २८ जानेवारी २००१ ला मागणी केल्यावर ठरल्या वेळात संच पूर्ण क्षमतेवर आले नाहीत, उपलब्धता चुकीची जाहीर केली, हा आधार. त्यापोटी मंडळाने ४०१ कोटी रुपयांची आकारणीही केली होती. कंपनी बोलत होती ‘टर्मिनेशन’ची. पहिल्यात करार मुळापासून मोडतो, दुसऱ्यात तोवरचे हक्क शिल्लक राहतात आणि करारातली भरपाई मागता येते. दोन्हींना ‘रद्द’ लिहिले तर वाद कशाचा तेच दिसत नाही. ‘मुळातून रद्द’ आणि ‘समाप्ती’ असे करावे. एक मात्र लक्षात ठेवावे, करार मोडला तरी त्यातले लवादकलम आपोआप मोडत नाही. १९९६ च्या कायद्याचे कलम १६ ते स्वतंत्र करार मानते. नाहीतर ‘करारच नाही’ एवढे म्हणून कोणीही लवाद टाळला असता.

तिसरा, ‘फोर्स मेज्यूर’. ‘दैवी आपत्ती’ अपुरा आहे, कारण संप, युद्ध, सरकारी बंदीही त्यात येते. आपल्याकडे नेमका जोडशब्द आहे : अस्मानी-सुलतानी. करारही असेच दोन गट करतात. अस्मानीत सहसा फक्त मुदत वाढते, सुलतानीत पैसे कोणी भरायचे हेही ठरलेले असते.

बखरवाला :
अस्मानी-सुलतानीत महागाई धरायची का? इंडोनेशियाने कोळशाच्या निर्यातदराचे नियम बदलले, तेव्हा तो कोळसा वापरणाऱ्या, गुजरातमधल्या मुंद्र्याच्या वीजकंपन्यांनी तसाच दावा केला होता.

वीजमापक :
नाही. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, कोळसा महागला म्हणजे करार पाळणे अशक्य झाले असे नव्हे. आणि ‘कायद्यातील बदल’ या कलमात भारतातला कायदा धरायचा, इंडोनेशियाचा नाही. त्यामुळे सुलतानी लिहिताना कोणत्या सुलतानाची, हे करारात पाहावे. मात्र हे प्रकरण लवादाचे नव्हते. वीज कायदा २००३ च्या कलम ७९ व ८६ नुसार वीजनिर्मिती कंपनी आणि परवानाधारक यांचे वाद आधी नियामक आयोगाकडे जातात; आयोग स्वतः निर्णय देतो किंवा लवादाकडे पाठवतो. करारात लवाद लिहिला म्हणून थेट जाता येत नाही.

वाचनवेडा :
सर्वांचे आभार. असे बदलले आहे : ‘पक्षांमधील वादांचा निर्णय लवादामार्फत होईल. लवादाचे अधिष्ठान लंडन राहील. बैठका अन्यत्र घेतल्या तरी अधिष्ठान बदलणार नाही. लवाद मंडळाचा निवाडा अंतिम व बंधनकारक असेल.’

निवाडपत्र :
नव्या कराराचा मसुदा असता तर यात काही कमी नव्हते. पण तुमचा आहे सारांश, आणि मुळात ‘व्हेन्यू’ आहे. तुम्ही ‘अधिष्ठान’ लिहिलेत की ज्या प्रश्नावर न्यायालयांत वर्षानुवर्षे भांडण झाले त्याचे उत्तर तुम्हीच देऊन टाकता, तेही एका पक्षाच्या बाजूने. बैठकांबद्दलचे मधले वाक्यही मुळात नाही. ते काढा, ‘लवादाचे ठिकाण लंडन राहील’ एवढेच ठेवा, आणि तळटिपेत लिहा : मूळ शब्द ‘व्हेन्यू’, त्याचा अर्थ अधिष्ठान की बैठकीची जागा, हे कराराची इतर कलमे पाहून ठरेल.